व्यसनासुराच्या पोटात

व्यसनमुक्तीच्या चित्ररथात बसून निकोटिनची विषबाधा झालेला डोंबिवलीतला मी पहिला माणूस आहे. दुसरा अजून कुणी पुढे आलेला नाही, त्यामुळे हा मान तूर्तास माझ्याकडेच आहे.

तसा मी विचार करून वागणारा माणूस. बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास. (फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. प्रॅक्टिकलला ब्युरेट फुटली. ती कशी फुटली हा वेगळा विषय आहे.) एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. कुठल्याही द्रवाची बाटली हातात आली की मी ती हलवतो, उजेडात धरतो, वास घेतो आणि मत देतो. घरातल्या फिनाइलपासून शहाळ्याच्या पाण्यापर्यंत सगळ्यावर माझं मत तयार असतं. ते कुणी मागत नाही, पण तयार असतं.

दिवाळीच्या आधी आकाशकंदील लावायला मी स्टुलावर चढलो होतो. वर पोचलो आणि असा खोकला आला की कंदील खाली, मी वर, आणि स्टूल मधल्यामध्ये हेलकावे खातंय! स्टूल धरून उभी होती आमची मुलगी ऋता. ठाण्याला एका डिझाइनच्या ऑफिसात काम करते. बोलायला लागली की तिच्या आईची आठवण होते, आणि गप्प बसली की माझ्या वडिलांची. दोन्ही भीतिदायक.

"बाबा, माझ्या लग्नात कन्यादानाला असाच खोकत बसणारेस का?"

"आजपासून बंद! तुझी शप—"

"शपथ नको. शपथा तू खूप घेतल्यास. फक्त सोड."

आणि मी सोडली! त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकही सिगारेट ओढलेली नाही. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. कृपया ते लक्षात ठेवा, कारण यापुढे माझ्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही येणार नाही.

सोडल्यावर माझी अवस्था वाईट झाली. बडीशेप चावून चावून जबडा दुखला. कारखान्यात लाल रंगाच्या बॅचला मी निळा म्हणून पास केलं. नेमका त्याच सुमारास आमचा साडू प्रदीप शारजाहून आला. त्याच्याकडे वाफेची सिगारेट होती. म्हणजे एक काळं, जाडजूड यंत्र. बटण दाबलं की निळा दिवा लागतो, आतला द्रव तापतो, आणि माणूस कुकरच्या शिट्टीसारखी वाफ सोडतो. आपल्याकडे ही वस्तू बंद आहे हे त्याला इथे उतरल्यावर कळलं, आणि परत जाताना विमानतळावर कुणी पिशवी उघडली तर काय, या भीतीने तो ती आमच्याकडेच टाकून गेला. टाकताना वर्गच घेतला.

"सुधीरराव, ही मोठी बाटली या मोठ्या यंत्राची. साधं लिक्विड. आणि ही छोटी, ही सॉल्टची. निकोटिन सॉल्ट. हिचं यंत्र वेगळं, एवढंसं, पेनड्राइव्हसारखं. ते माझ्या खिशातच राहू दे. छोटी बाटली फेकून द्या. मोठ्या यंत्रात चुकूनही घालू नका."

"प्रदीपराव, केमिस्ट्री मला नका शिकवू."

हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा बोललो आहे आणि दर वेळी नंतर काहीतरी फुटलेलं आहे.

छोटी बाटली मी अर्थातच फेकली नाही. आमच्या घरात शाम्पू संपला की बाटलीत पाणी घालून पुढचा आठवडा काढतात. लोणच्याच्या बरणीत तळाशी राहिलेल्या खारात नव्या कैऱ्या पडतात. अशा घरात भरलेली बाटली फेकायची? मी ती हलवली, उजेडात धरली, वास घेतला आणि मत दिलं. नुसतं निकोटिन हा अल्कली प्रकार, म्हणून घशाला ओरखडतो. त्यात आम्ल घातलं की क्षार तयार होतो. म्हणजे सॉल्ट. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात हे आठवीच्या मुलालाही माहीत आहे. तेव्हा छोट्या बाटलीतलं निकोटिन म्हणजे दात पाडलेला साप! लेबलावर बारीक अक्षरात पन्नास असा आकडा होता. मोठ्या बाटलीवर होता तीन. पन्नास कशाचे, याचा मी फार विचार केला नाही. आपल्याकडे बाटलीवर पन्नास लिहिलं की पुढे 'टक्के कमी' असतंच.

ती बाटली मी अडीअडचणीला म्हणून ठेवून दिली आणि मोठ्या बाटलीवर काम सुरू केलं. कायद्याचं म्हणाल, तर माझं मन स्वच्छ होतं. मी ती वस्तू विकली नव्हती, विकत घेतली नव्हती, ती आमच्या कपाटात आपणहून आली होती. (सगळे गुन्हेगार असाच विचार करतात, हे मला नंतर कळलं.) रोज संध्याकाळी कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने मी ड्राय बाल्कनीत जायचो, वॉशिंग मशीनमागे दडायचो आणि ढग सोडायचो. ढगाला व्हॅनिलाचा वास होता.

"अहो," एकदा आमची ही, म्हणजे शैला, म्हणाली, "या शेजारच्या लेल्यांकडे रोजच्या रोज कस्टर्ड करतात का हो?"

"करत असतील."

"आणि लेल्यांना तर डायबेटिस आहे!"

"माणसं ऐकत नाहीत ग," मी म्हणालो. शेजाऱ्याच्या तब्येतीबद्दल इतक्या कळवळ्याने मी पूर्वी कधीच बोललो नव्हतो.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पापाचं एक बरं असतं, ते एकट्याने केलं की शांतपणे करता येतं. पण ऋताला माझा अभिमान वाटायला लागला, आणि तिथून घोटाळा झाला. ती ऑफिसात सांगे, लिफ्टमध्ये सांगे, "आमच्या बाबांनी एका दिवसात सोडली!" मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

गुढीपाडवा जवळ आला. डोंबिवलीत पाडव्याला स्वागतयात्रा निघते आणि त्यात आपला चित्ररथ नाही, ही गोष्ट आमच्या सोसायटीला गेली कित्येक वर्षं छळत होती. सेक्रेटरी साठ्यांनी मीटिंग बोलावली. साठे हे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. हातात शिट्टी आली की त्यांचं वय वीस वर्षांनी कमी होतं.

ऋता उभी राहिली. "विषय व्यसनमुक्ती. टेम्पोवर एक मोठा राक्षस. व्यसनासुर! मी माइकवर त्याला आव्हान देणार. शेवटी फडके रोडवर, परीक्षकांच्या मंडपासमोर, आपली मुलं लेझीम घेऊन त्याच्यावर चाल करणार, राक्षसाचं पोट फाटणार, आणि आतून पांढऱ्या कपड्यात एक व्यसनमुक्त माणूस बाहेर येणार. तो म्हणणार, 'मी सोडली. तुम्हीही सोडा.'"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग ती म्हणाली, "आणि खोटा नट नको. खरा माणूस हवा. आपल्याकडे आहे तो."

सगळी सभा माझ्याकडे वळली. माझ्या टाळ्या त्यानंतरही थोडा वेळ चालू राहिल्या, कारण हातांना थांबायचं सुचलं नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलणारही होतो. पण ऋताचा चेहरा... लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये विंगेतून ती मला शोधायची आणि दिसलो की असा चेहरा व्हायचा. मी म्हटलं, सांगू पाडव्यानंतर. एकदा पाडवा होऊ दे.

महिनाभर पार्किंगमध्ये बांबू, पुठ्ठे आणि कागदाचा लगदा यांचं राज्य होतं. राक्षस झकास झाला. बटाट्यासारखे डोळे, गळ्यात सिगारेटच्या पाकिटांची माळ. (पाकिटं जमवायला त्रास झाला नाही. माझ्या जुन्या ओळखीने मी ती पानपट्टीवाल्याकडून आणली.) फक्त एक अडचण होती. राक्षसाच्या तोंडातून धूर यायला हवा होता. कागदाच्या डोक्यात धूप पेटवायचा तर राक्षसाबरोबर व्यसनमुक्त माणसाचाही अंत्यविधी झाला असता.

"धुराचं माझ्यावर सोपवा," मी म्हणालो.

आता मागे वळून पाहताना वाटतं, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं कसं? पण केमिस्ट्रीचा माणूस! समोर प्रश्न आला आणि उत्तर माहीत असलं की गप्प बसवत नाही. मी वॉशिंग मशीनचा पाणी सोडायचा करड्या रंगाचा पन्हाळीदार पाइप काढला. एक टोक राक्षसाच्या तोंडात, दुसरं पोटात, स्टुलावर बसलेल्या माझ्या तोंडाशी. सगळ्यांना लांब उभं केलं, आत शिरलो, बटण दाबलं, छाती भरून ओढलं आणि पाइपात सोडलं.

बाहेर 'ओऽऽ' असा आवाज उठला. राक्षसाच्या जबड्यातून पांढराशुभ्र ढग निघाला होता आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेला होता.

"बाबा! हे कसं केलंस?"

"ग्लिसरीन," मी पोटातून ओरडलो. "नाटकात वापरतात. तापवलं की धूर होतो." यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी खोटं कधीच बोललो नाही, हेच माझं सगळ्यात मोठं पाप आहे.

"पण सुधीरराव," साठे हुंगत म्हणाले, "राक्षसाला शिऱ्याचा वास येतोय!"

"शिरा नव्हे, कस्टर्ड," शैला म्हणाली आणि विचारात पडली. मग लेल्यांच्या खिडकीकडे बघून तिने मान हलवली. मी सुटलो.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी खाल्ली आणि दुसरं काही पोटात न ढकलता पळालो. साठ्यांची शिट्टी केव्हाची वाजत होती. पांढरा कुर्ता-पायजमा घालून मी राक्षसाच्या पोटात शिरलो. बरोबर यंत्र, मोठी बाटली, आणि अडीअडचणीची म्हणून छोटी. बाहेर शैला नऊवारीत, नथ घालून, बायकांच्या घोळक्यात पुढे. टेम्पोच्या टपावर ऋता, डोक्याला फेटा, हातात माइक.

"व्यसनासुरा! किती घरं खाल्लीस?"

मी ढग सोडला. गर्दी खूश!

"किती बापांना खोकायला लावलंस?"

मी जरा विचार केला आणि आणखी एक ढग सोडला.

पुलाच्या चढावर यात्रा अडली. पुढे कुठल्याशा ढोलपथकाला आपलं कसब दाखवायची हुक्की आली होती. ते वाजवतायत, वाजवतायत, आमचा टेम्पो उभा, आणि साठे बाहेरून पुठ्ठ्यावर थापा मारतायत, "सुधीरराव, धूर! लोक मोबाइल काढून उभे आहेत!" मोठ्या यंत्राचं असं असतं की ते ढग भरपूर देतं आणि बाटलीही भरपूर पितं. पूल उतरायच्या आत माझी मोठी बाटली कोरडी झाली.

अडीअडचण ती हीच! मी छोटी बाटली उघडली आणि यंत्रात ओतली. सगळी.

पहिला झुरका घेतला आणि मी स्वतःच्या केमिस्ट्रीला मनोमन हात जोडले. काय तो गुळगुळीतपणा! घशाला ओरखडा नाही, ठसका नाही, काही नाही. लोण्यासारखं आत गेलं. सापाचे दात खरंच पडले होते. फक्त एक गडबड होती. ढग येत नव्हता. आधी राक्षस इंजिनासारखा धूर सोडत होता, आता त्याच्या तोंडातून थंडीतल्या म्हशीएवढी वाफ येत होती.

"धूर कमी पडतोय!" साठे.

मी दोन झुरके घेतले.

"अहो, काय झोपलात का आत?" ही शैला.

मी चार घेतले. घसा काही तक्रार करत नव्हता, त्यामुळे मीही केली नाही. मी ओढत राहिलो. ऋता वर आव्हानं देत होती, गर्दी वाट बघत होती, आणि मी माझ्या लेकीसाठी छाती फुटेस्तोवर निकोटिन ओढत होतो. वडिलांच्या त्यागाच्या अनेक गोष्टी आपण ऐकतो. ही त्यात बसत नाही, पण कष्ट तेवढेच होते.

आधी तळवे घामाने गार पडले. मला वाटलं, चैत्राचं ऊन, घाम यायचाच. मग तोंडात पाणी सुटायला लागलं. वाटलं, श्रीखंडाची आठवण झाली असेल. आणि मग उचकी लागली.

साधी उचकी नव्हे. पाइपाचं एक टोक माझ्या तोंडात होतं, त्यामुळे प्रत्येक उचकी पन्हाळीतून घुमत राक्षसाच्या तोंडातून बाहेर पडत होती. हुक्! आणि वाफेचा एक गोळा. हुक्! आणखी एक गोळा.

"राक्षसाला उचकी लागली!" लेझीमवाली पोरं किंचाळली.

"कुणीतरी आठवण काढतंय रे त्याची!" रस्त्याकडेच्या आजी म्हणाल्या. "पाणी पाजा त्याला!"

"व्यसनासुरा," ऋता हजरजबाबी, "तुझा शेवट जवळ आला म्हणून घाबरलास का?"

हुक्!

गर्दीने शिट्ट्या मारल्या. साठे आनंदाने वेडे झाले होते. "सुधीरराव, झकास! उचकी चालू ठेवा!"

उचकी चालू ठेवणं माझ्या हातात नव्हतं. बंद करणंही नव्हतं. छातीत ते पुलावरचं ढोलपथक शिरलं होतं. बांबू हलायला लागले, मग माझ्या लक्षात आलं की बांबू स्थिर आहेत आणि मी त्यांना धरून गोल फिरतोय. राक्षस डावीकडे कलला, उजवीकडे कलला. मी यंत्र कुर्त्याच्या खिशात कोंबलं, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच मनापासून म्हणालो, "देवा, सोडली. खरंच सोडली. फक्त फडके रोड येऊ दे."

फडके रोड आला. परीक्षकांचा मंडप आला. ताशा कडाडला, पोरांनी चाल केली, राक्षसाचं पोट टर्रकन फाटलं, आणि आतून व्यसनमुक्त माणूस बाहेर आला. चार पायांवर.

ताठ उभं राहून हात उंचावायचे असं ठरलं होतं. मी टेम्पोची फळी धरून रांगत उतरलो, दोन पावलं चाललो आणि परीक्षकांच्या टेबलासमोर ओकलो. पोटात काय होतं? कडुनिंबाची चटणी! हिरवीगार!

मग मंडपातला निवेदक भारावलेल्या आवाजात म्हणाला, "बघा, बघा मंडळी! व्यसनाचं विष... शरीरातून बाहेर पडतंय!"

फडके रोडने असा टाळ्यांचा कडकडाट पूर्वी ऐकला असेल, पण ओकणाऱ्या माणसाला नक्कीच नाही. बंदोबस्तावरच्या एका हवालदाराने मला काखेत हात घालून उठवलं. "काका, सावकाश. लय भारी काम करता तुम्ही." बंदी असलेली वस्तू खिशात घेऊन मी पोलिसाच्या खांद्यावर मान टाकली आणि त्याचे आभार मानले.

आणि तेव्हाच ते यंत्र खिशातून निसटलं. पक्क्या रस्त्यावर खण्णकन पडलं, घरंगळत ऋताच्या पायाशी गेलं आणि निळा दिवा लुकलुकायला लागला.

ऋताने ते पाहिलं. मग मला पाहिलं. तिच्या ऑफिसात तसली यंत्रं वापरणारी मुलं असतील, तिला ओळख सांगावी लागली नाही. ड्राय बाल्कनी, लेल्यांचं कस्टर्ड, शिऱ्याच्या वासाचा राक्षस, सगळं एका रांगेत तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. उलटीपेक्षा ते वाईट होतं.

तिने यंत्र उचललं. माइक तोंडाशी नेला.

"आणि हे बघा," ती म्हणाली. "सिगारेट सोडली असं सांगणारा माणूस खिशात हे घेऊन फिरत असतो. घरच्यांना वाटतं, सुटला. घरचे सगळ्यांना सांगत सुटतात. व्यसनासुर मरत नाही. तो नुसता रूप बदलतो."

तिचा आवाज थरथरत होता. लोकांना तो अभिनय वाटला. काहींनी तर डोळे पुसले. भर फडके रोडवर, लाउडस्पीकरवरून, माझ्या मुलीने माझं सगळं खरं सांगितलं, आणि मी आणि ती सोडून एकाही माणसाला ते कळलं नाही. (शैलाला कळलं. ती नथ काढून हातात घेत होती. नथ घालून नीट ओरडता येत नाही.)

प्रथमोपचाराच्या तंबूत मला आडवं केलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, यंत्राकडे पाहिलं, माझ्या दुसऱ्या खिशातल्या छोट्या बाटलीचं लेबल वाचलं आणि विचारलं, "हे यात घातलंत? सगळं?"

"सॉल्ट आहे ते," मी क्षीणपणे म्हणालो. "मारलेलं निकोटिन."

"काका, आणखी थोडं ओढलं असतंत तर अ‍ॅम्ब्युलन्सच लागली असती." त्यांनी मला दुपारपर्यंत हलू दिलं नाही. शैला पायाशी बसून होती. ओरडायचं तिने पुढे ढकललं होतं, हे मला जास्त काळजीचं वाटलं.

घरी आल्यावर सगळ्यांच्या पानात श्रीखंड-पुरी, माझ्या पानात मऊ भात. ऋताने जेवता जेवता शारजाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

"काका, या दोन बाटल्यांत फरक काय, ते बाबांना पुन्हा सांगा. आम्हीही ऐकतो."

प्रदीपने आधी कपाळाला हात लावला. "सुधीरराव, मोठ्या बाटलीतलं निकोटिन नुसतं. ते घशाला लागतं, म्हणून ते थोडंसंच घालतात आणि ढग मोठा काढतात. सॉल्टमध्ये आम्ल घालून त्याचा ओरखडा काढलेला. निकोटिन नाही काढलेलं! घशाला लागत नाही, म्हणूनच ते इतकं कडक ठेवता येतं. आणि रक्तात झटकन जातं. म्हणून त्याचं यंत्र एवढंसं, झुरका एवढासा, ढग नाहीच. तुमचा घसा म्हणजे सोसायटीचा वॉचमन. सॉल्टने वॉचमनला झोपवलं, आणि तुम्ही मोठं फाटक उघडून ट्रकच्या ट्रक आत घेतलेत!"

"पण लेबलावर तर पन्नास..."

"मिलिग्रॅम. एका मिलिलिटरला. मोठीवर तीन होते."

"टक्के कमी नाही?"

पडद्यावरचं चित्र हलायला लागलं. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग प्रदीप खुर्चीवरून घसरताना दिसला.

शैला हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. ऋता हसली नाही. कॉल बंद झाल्यावर तिने माझ्या भातावर तूप वाढलं आणि म्हणाली, "बाबा, मी तुला सोडायला सांगितलं होतं. बदलायला नाही."

केमिस्ट्री मी त्या भाताबरोबर गिळली.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र शैलाने स्वतःच्या हाताने विल्हेवाटीला पाठवलं आणि मी डॉक्टरांकडे जाऊन सोडण्याची रीतसर व्यवस्था लावून घेतली. ऋता माझ्याशी बोलायची, पण मोजकं, सरकारी पत्रासारखं. 'चहा ठेवला आहे.' 'दार लावून घेणे.'

आठवड्याने संध्याकाळी दारावरची बेल वाजली, वाजली आणि वाजतच राहिली. साठे! शिट्टी गळ्यात, हातात केवढी तरी ढाल. "सुधीरराव! बक्षीस! पहिलं बक्षीस! परीक्षक म्हणाले, असं काम व्यावसायिक रंगभूमीवरसुद्धा बघायला मिळत नाही!"

ऋताने ढाल घेतली. खालच्या पितळी पट्टीवरची अक्षरं वाचली. एकदा वाचली, परत वाचली, आणि आठवड्यात पहिल्यांदा अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं. मग तिने ढाल माझ्यापुढे धरली.

'उत्कृष्ट अभिनय : व्यसनमुक्त माणूस.'

ती ढाल आता टीव्हीशेजारी असते. येणारा प्रत्येक पाहुणा ती वाचतो आणि माझ्याकडे आदराने बघतो. मी आता खरोखरच सगळं सोडलं आहे, बाटली नाही, यंत्र नाही, बाल्कनीत फक्त कपडे वाळतात आणि लेल्यांची बदनामी थांबली आहे. पण जग कसं असतं बघा! मी सोडल्याचं सोंग केलं तेव्हा फडके रोडने टाळ्या वाजवल्या आणि पहिलं बक्षीस दिलं. आता खरंच सोडली, तर साठे परवा म्हणाले, "सुधीरराव, पुढच्या पाडव्याला तुम्हाला नको. हल्ली तुमच्या कामात ती मजा राहिली नाही!"